सव्वाचारला कॉलेज रिकामं होतं... रत्नागिरीत नवीन आहे, इथं राहायचं कसं?

मांजराकाठ | २ ऑगस्ट, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. मी औसा तालुक्यातला, जिल्हा लातूर. बीएस्सी लातूरला झालं, आता एमएस्सी झूलॉजीला रत्नागिरीत ॲडमिशन घेतलंय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. इतक्या लांब का आलो विचाराल तर समुद्र. तीन वर्षं आम्ही सगळं फॉर्मॅलिनच्या बरणीतच बघितलं, म्हटलं एकदा जिवंत बघू. घरच्यांना वाटलं होतं पोरगं फार तर पुण्याला जाईल.

येऊन तीन आठवडे झाले. शिकवतात चांगलं, लॅब पण बरी आहे. अडचण अशी की हे कॉलेज सकाळी एसटीतून येतं आणि संध्याकाळी एसटीतून परत जातं. वर्गात आम्ही बावीस, त्यातले एकोणीस रोज अप-डाउनवाले. पाली, पावस, लांजा, जाकादेवी, कुठून कुठून. प्रॅक्टिकल चारला संपतं, ॲप्रन निघायच्या आधी बॅग पाठीवर. सव्वाचारला आवारात मी, वॉचमन मामा आणि एक लंगडं कुत्रं. मुलांचं होस्टेल नाही. सध्या एका खोलीत कॉट मिळालीय, बाकीचे दोघं कंपनीत नाइट शिफ्टला, मी येतो तेव्हा ते निघतात. पाऊस थांबत नाही, पट्ट्याला बुरशी आली, आईनं दिलेलं ज्वारीचं पीठ आंबलं. मेसमध्ये दोन्ही वेळा भात. मी माळकरी घरचा, मासे नाहीत, त्यामुळं मेसवाले काका माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघतात. एकानं तर पहिल्याच दिवशी "घाटी काय रे?" म्हणून विचारलं.

गेल्या रविवारी दिवसभरात मी एकूण चार वाक्यं बोललो. तीन दुकानदाराशी, चौथं कुत्र्याशी.

तर विचारायचं असं की रूम कशी शोधायची, ही पोरं ओळखीची कशी होणार, आणि सरळ ॲडमिशन रद्द करून लातूर-नांदेडला परत जावं का? घरी अजून काही बोललो नाही.

रातांबा | २ ऑगस्ट, रात्री ११:४१

स्वागत आहे. रूम जरा पाऊस कमी झाल्यावर शोध.

तिरफळ | २ ऑगस्ट, रात्री ११:४४

म्हणजे दिवाळीत.

उकडाभात | ३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

वरच्या दोघांकडे लक्ष देऊ नको. रूमसाठी ब्रोकरकडे जाऊ नको, महिन्याचं भाडं फुकट जाईल. मारुती मंदिर, नाचणे रोड, शिवाजीनगर ह्या बाजूला झेरॉक्सवाले, टपरीवाले, इस्त्रीवाले ह्यांना विचार, त्यांना कुठली खोली रिकामी आहे ते मालकाच्या आधी माहीत असतं. कुवारबावला स्वस्त पडेल पण रोज रिक्षा किंवा सिटी बस आली. मुलगा म्हटलं की बरेच जण दारातूनच नाही म्हणतात, तेव्हा हुज्जत घालायची नाही, तिथल्या तिथे आईला फोन लावायचा आणि घरमालकिणीच्या हातात द्यायचा. मी अशीच रूम मिळवली होती, दोघी अर्धा तास बोलल्या आणि मी बाहेर छत्री धरून उभा.

सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या डब्यात ठेव, लोखंडी कपाटात नको, तिथे पण बुरशी येते. मायग्रेशन सर्टिफिकेट आणि एलिजिबिलिटीचे कागद जमा केलेस का? लातूरचं कॉलेज नांदेडच्या विद्यापीठाखाली, इकडचं मुंबई विद्यापीठाखाली, तो कागद राहिला तर परीक्षेच्या वेळी बोंब होते. कपडे वाळवायचं म्हणशील तर जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, फक्त ओले असल्याचं आपण विसरतो.

आणि रात्री बॅटरी घेतल्याशिवाय चालू नको. जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीतून, म्हणजे गडग्यातून, फुरसं असतं, साप, दिसायला वीतभर पण विषारी.

मांजराकाठ | ३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

फुरसं कुणी सांगितलंच नव्हतं. आभारी आहे, आता झोप कशी येईल बघतो.

सड्यावरचा | ३ ऑगस्ट, दुपारी १:०५

माझं मत वेगळं आहे. दोन वर्षांचा प्रश्न आहे, दोस्ती करायला कशाला आलायस? चार वाजल्यापासून रात्री अकरापर्यंत रोज सात तास हातात आहेत, अप-डाउन करणाऱ्यांना विचार, ह्या सात तासांसाठी ते काय देतील. जिल्हा नगर वाचनालयाचा मेंबर हो, १८२८ सालचं आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. नेट-सेटचा अभ्यास कर. मी पण एकटाच राहून केला. एकटेपणाने कोणी मरत नाही.

पडवी | ३ ऑगस्ट, दुपारी १:३२

@सड्यावरचा मरत नाही हे खरंय, पण कुत्र्याशी बोलायला लागतो असं धाग्यातच लिहिलंय की.

बोंडूचाविस्तव | ३ ऑगस्ट, दुपारी ३:१०

होस्टेल हवं होतं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात यायचं. १९७२ पासून आहे, आमच्या वेळी निम्म्याहून जास्त पोरं घाटावरचीच होती, रात्री दोनला मेसच्या मागे सांगली विरुद्ध सातारा भांडण चालायचं, एकटं वाटायला वेळच मिळायचा नाही. लोणेऱ्याच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पण होस्टेल आहेत. साध्या आर्ट्स-सायन्स कॉलेजांचं गणित निराळं. ती सुरूच झाली आसपासच्या गावांतल्या पोरांसाठी, लातूरहून कोणी येईल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

वस्तीची_गाडी | ३ ऑगस्ट, रात्री ९:४८

मी उलट बाजूने सांगतो, कारण तुझ्या त्या एकोणिसातलाच मी एक. २००९ ते २०१४, पाच वर्षं अप-डाउन. गाव साखरप्याच्या आत. रात्री वस्तीला येणारी गाडी पहाटे तीच परत सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, ड्रायव्हरने पहाटे इंजिन चालू करून ठेवलं की त्या आवाजावर आई डबा भरायला घ्यायची, आमच्याकडे घड्याळाचं काम ती गाडी करायची. मग दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा करत दीड-पावणेदोन तास. पावसाळ्यात खिडकीची काच वरपर्यंत जायची नाही म्हणून एकाने रबरी चपलेचा तुकडा कापून फटीत मारलेला, तो तुकडा पाच वर्षं तिथेच होता. माझ्या जर्नलमधल्या बेडकाच्या आकृतीला पाणी लागून बेडूक निळा झाला, मॅडमनी तसाच तपासला.

हे सगळं अशासाठी सांगतोय की आमच्यासाठी कॉलेज म्हणजे दोन गाड्यांच्या मधली वेळ होती. पोरं सव्वाचारला पळतात ती तुला टाळून नाय पळत. ती गाडी गेली तर पुढची साडेसहाची, ती भरलेली, मग घरी पोचायला नऊ आणि अर्धा रस्ता अंधारात चालत.

आणि दोस्ती. आमची दोस्ती वर्गात झालीच नाही रे. झाली ती गाडीत. खिडकीतून रुमाल टाकून जागा कोण कुणासाठी धरतो त्यावरून कळायचं कोण कुणाचा. तू उद्या वर्गात नीट बघ, पोरं कशी बसतात. पालीवाले एका बाजूला, पावसवाले एकत्र, जाकादेवीवाले मागे. सरांना वाटतं स्वभावाने जमलेत. गाडीने जमलेत. तू वर्गात आहेस पण तुला गाडीच नाही, म्हणून तुझा रुमाल कोणी टाकत नाही. आणि शहरात राहणाऱ्या पोरांबद्दल आम्हाला काय वाटायचं माहितीय? ह्यांना काय, चालत घरी जातात, संध्याकाळभर मजा मारतात, शिष्ट असणार.

एक कर. कुठल्यातरी शनिवारी त्यातल्या कुणाबरोबर गाडीत चढ आणि शेवटपर्यंत जा. परतीची गाडी नसली तर उत्तमच.

तिरफळ | ३ ऑगस्ट, रात्री ९:५५

बेडूक निळा ह्यावर मी पाच मिनिटं हसतोय.

दुपारचीझोप | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

आणि ते "घाटी"चं मनाला लावून घेऊ नको. मुंबईत तो शब्द शिवीसारखा वापरतात, इकडे घाट उतरून जो येतो तो घाटावरचा, मग तो कोल्हापूरचा असो की नागपूरचा.

सड्यावरचा | ३ ऑगस्ट, रात्री १०:३१

लागणारच ना मनाला. "घाटावरचा" आणि "घाटी" ह्यात फरक आहे आणि बोलणाऱ्याला तो बरोबर माहीत असतो, उगाच सारवासारव नको. शिवाय लातूर आंबा घाटापासून चारशे किलोमीटर लांब, त्या बिचाऱ्याचा घाटाशी काय संबंध?

मांजराकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

घाट आहे की आमच्याकडं पण. बालाघाट. 😀

@वस्तीची_गाडी दादा, तुमचं तीनदा वाचलं. वर्ग आठवून बघितला, अगदी तसंच बसतात. मी मधल्या रांगेत एकटा, माझ्या दोन्ही बाजूला बॅगा. आणि एक गंमत. साखरपा-पाली-हातखंबा ज्या रस्त्यावर आहे तो मिऱ्या-नागपूर हायवे आमच्या औशावरून जातो. लहानपणापासून तो रस्ता बघतोय, तो दुसऱ्या टोकाला समुद्रात जाऊन संपतो हे डोक्यात आलंच नव्हतं.

पडवी | ४ ऑगस्ट, सकाळी ११:१५

माझी गोष्ट बरोब्बर उलटी. मी पालीकडची, टीवायला, म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असताना नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप पेटला तो एप्रिल २०२२ पर्यंत काही मिटेना. विद्यार्थी पासावर तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शात जाणारी मुलगी, वडापवाला, म्हणजे खाजगी जीपवाला, महिन्याला सांगायचा ते ऐकून बाबा म्हणाले राहू दे ह्या वर्षी कॉलेज. शेवटी आम्ही तिघींनी मिळून रत्नागिरीत एक खोली घेतली. एक स्टोव्ह, दोन गाद्या.

त्या वर्षी मी पहिल्यांदा मांडवीच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघितला. दोन वर्षं समुद्राच्या गावात शिकत होते, पण सूर्य बुडायच्या वेळी मी कायम हातखंब्याच्या पुढे असायचे, उभ्याने, कुणाच्या तरी छत्रीचं पाणी पायावर घेत. त्या खोलीत पहिला आठवडा मला झोप यायची नाही कारण संध्याकाळी करायचं काय हेच माहीत नव्हतं. घरी असते तर पाणी भरणं, गुरं, भाकऱ्या. तेव्हा अप-डाउनवाल्यांना मित्र असतात आणि राहणाऱ्यांना नसतात असं पण सरसकट नाही हो, आम्हाला पण तेव्हा कोणी ओळखत नव्हतं. झेरॉक्सवाल्या काकी तेवढ्या विचारायच्या, जेवलात का गो.

गोमटेश | ४ ऑगस्ट, सकाळी ११:४०

आता बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट आहे आणि २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. पण गाडी आली पाहिजे ना. आमच्या गावची दुपारची फेरी बंद झाली ती झालीच. फुकट पास घेऊन मुलगी थांब्यावर उभी.

उकडाभात | ४ ऑगस्ट, दुपारी १२:०५

@मांजराकाठ तू जर अनुसूचित जातीत येत असशील आणि सरकारी वसतिगृहात जागा नसेल तर स्वाधार योजनेचं समाजकल्याणच्या ऑफिसात विचार, राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. नसशील तर हे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय.

कोकमसार | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

मुळात मुंबई विद्यापीठ सिंधुदुर्गापर्यंत हा प्रकारच चुकीचा. सर्टिफिकेटवर एक चूक झाली की साडेतीनशे किलोमीटर जायचं. कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ हवं हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय.

रातांबा | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३३

आलं, कोकण विद्यापीठ आलं. आता फक्त "कोकणी माणूस फणसासारखा" यायचं बाकी आहे.

दुपारचीझोप | ४ ऑगस्ट, दुपारी १२:५०

मी तेच लिहिणार होतो, पुसलं.

चिंगळं | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२५

मासे खात नाही म्हणून उपाशी कशाला राहतो हा मुलगा? निम्म्या कोकणाला चतुर्थी, सोमवार, श्रावण असं काय काय असतं, तेव्हा आम्ही काय हवा खातो? मेसवाल्याला सांग काळ्या वाटाण्याची आमटी कर, कुळथाची पिठी कर. बाजारात आत्ता रानभाज्या आल्यात, टाकळा घे, भारंगी घे. टाकळ्याची कोवळी पानं, कांदा, वर ओलं खोबरं, झाली भाजी. ज्वारीचं पीठ इकडे पावसाळ्यात आणायचंच नाही, ज्वारी आण आणि पंधरा दिवसाला दोन किलो दळून घे.

मांजराकाठ | ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

@चिंगळं ताई, टाकळा बघून आलो. अहो हा तर आमचा तरोटा! बांधावर माजतो, आम्ही उपटून फेकतो. इथं वीस रुपयाला जुडी. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, दोन पोती पाठवू का.

अजून एक विचारतो. वॉचमन मामा म्हणाले मे महिन्यात इथल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. एवढ्या पावसात? आम्ही लातूरचे, २०१६ ला आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, मी तेव्हा शाळेत होतो, स्टेशनवर गाडी बघायला ही गर्दी. आमच्याकडं पाऊस नाही म्हणून टँकर. तुमच्याकडं काय अडलंय?

सड्यावरचा | ४ ऑगस्ट, रात्री ९:३८

आमच्याकडे पाऊस पडतो, थांबत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण खाली जांभा, चाळणीसारखा. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पडलेलं पाणी दगडातून झिरपून खाली जातं, उरलेलं उतारावरून वहाळात, म्हणजे ओढ्यात, आणि वहाळातून दोन-तीन तासांत खाडीत. सह्याद्री ते समुद्र अंतर किती, जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. नदी नदी म्हणेपर्यंत समुद्र होते. मार्चला विहिरीचा तळ दिसतो.

तिरफळ | ४ ऑगस्ट, रात्री ९:४५

सड्यावरचा पहिल्यांदा कुणाशी भांडला नाही. तारीख लिहून ठेवा.

खाजणकाठी | ५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

झूलॉजीवाल्या, तुझा मूळ प्रश्न राहू दे बाजूला, तू समुद्र बघायला आलास ना? मग भरती-ओहोटीचं गणित शिक, ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचच्या आसपास ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण चुकत नाही. आणि पुनव-अवसेला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही लांबवर जाते, एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही छोट्या, तेव्हा काही दिसत नाही.

आता बघ. लांब ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. तुझे एकोणीस जण तेव्हा गाडीत बसलेले असतात. समुद्राकाठचे पोरगे असून झूलॉजीवाल्यांनी उघडे खडक बघितले नसतील, लिहून घे. फक्त आत्ता पावसात जाऊ नको, भाट्याच्या किनाऱ्याला सुद्धा पाण्यात उतरायचं नाही, सप्टेंबर संपू दे.

मांजराकाठ | ५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

हे बरणीवरच्या लेबलावर लिहिलं नव्हतं. वहीत उतरवून घेतलं.

वस्तीची_गाडी | २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतो. @मांजराकाठ आहेस का? गणपतीत रूमवर थांबू नको, मेस बंद असते, दुकानं पण अर्धी बंद. कोणी बोलवलं तर हो म्हण. कोणी नाही बोलवलं तर मला मेसेज कर.

मांजराकाठ | ४ सप्टेंबर, रात्री ११:५०

गौरी-गणपती परवा गेले. मी कालच परत आलो. सविस्तर लिहितो, लांब झालं तर माफ करा.

दादांनी सांगितल्याप्रमाणं शनिवारी गाडीत चढायचं ठरवलं होतं पण तीन शनिवार धीरच झाला नाही, जाऊन म्हणायचं काय? "मला तुमच्या घरी न्या"? शेवटी झालं असं की प्रॅक्टिकलला माझ्या शेजारी जो बसतो, साखरप्याकडचाच निघाला, त्याला मी तरोट्याचा किस्सा सांगितला. तो म्हणाला घरी येऊन आजीला सांग, ती तुला वेड्यात काढेल. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी स्टँडवर ही गर्दी, मुंबईहून चाकरमानी उतरलेले, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांचं, सामान, पेट्या, फटाके, त्यात हा पुढं घुसला आणि खिडकीतून दोन रुमाल टाकले. दोन. मी बघत राहिलो.

घर चिऱ्याचं, वर कौलं. आरती दीड तास चालते राव. आमच्याकडं पाच आरत्या झाल्या की प्रसाद, इथं एक संपली की कोपऱ्यातून कुणीतरी दुसरी उचलतंच. आणि रोज रात्री भजन, एका घरातून दुसऱ्या घरात. मी माळकरी म्हटल्यावर मला टाळ दिले, तिथं माझी इज्जत वाचली. गौरी जेवतात त्या दिवशी वाडीत काही घरांत मटण असतं हे बघून मी गार पडलो, आमच्याकडं महालक्ष्म्यांना पुरणपोळी नि सोळा भाज्या. मला वेगळं पान वाढलं, घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी.

आजी पंच्याहत्तरच्या पुढच्या. पहिल्या रात्री त्यांनी विचारलं, औसा म्हणजे किल्लारीकडचं का? म्हटलं हो, आमच्याच तालुक्यात. मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले आणि पहाटे भूकंप. मी तेव्हा जन्मलो पण नव्हतो, पण माझ्या आजोबांचं माळवद पडलं, माती-दगडाच्या जाड भिंती, वर मातीचं वजन. आजोबा शेतात झोपले होते म्हणून राहिले. आजी म्हणाल्या, आमच्याकडे कोयनेचा झाला तेव्हा मी नवी सून होते, तो पण पहाटेचाच, मडकी घडवंचीवरून खाली आली. १९६७ चा तो. मग त्यांनी मला भिंतीवर हात ठेवून दाखवला, इथे चीर गेलेली, नंतर चुन्याने भरली. बोटाला लागते अजून. दुसऱ्या दिवसापासून त्या मला नावानं नाही, "किल्लारीवाला" म्हणून हाक मारायला लागल्या, आणि वाडीत सगळ्यांनी तेच धरलं.

रूमचं पण झालं. ह्याच मित्राची आत्या नाचणे रोडला राहते, माळ्यावरची खोली देतायत, आईला फोन लावायची पण गरज पडली नाही.

पडवी | ५ सप्टेंबर, सकाळी ८:०२

दोन रुमाल 🥹

सड्यावरचा | ५ सप्टेंबर, सकाळी ९:२०

छान झालं. तरी एक बोलतो, राग मानू नका. ह्याला शेजारी बोलका मिळाला. सगळ्यांना मिळत नाही. मुलगी असती तर "चढ गाडीत आणि शेवटपर्यंत जा" हा सल्ला कोणी दिला असता का? मुलांचं वसतिगृह नसणं हा प्रश्न कुणाच्या आजीने सुटत नाही.

पडवी | ५ सप्टेंबर, सकाळी ९:४१

हे मात्र पटलं. मुलीला तर रूम देताना पण शंभर प्रश्न, "संध्याकाळी सातच्या आत" वगैरे. आम्हाला त्या झेरॉक्सवाल्या काकी नसत्या तर संप मिटायच्या आधीच मी घरी गेले असते.

चिंगळं | ५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

आणि अभ्यास? सगळे गणपतीचंच बोलतायत.

मांजराकाठ | ५ सप्टेंबर, दुपारी ४:२२

@सड्यावरचा काका बरोबर आहे तुमचं, नशीबच म्हणायचं. वाचनालयाचा मेंबर झालोय, तुमच्यामुळं. संध्याकाळ अजून रिकामीच असते, सव्वाचारला अजूनही मी, मामा आणि कुत्रं. फरक एवढाच की स्टँडवर पोचवायला जातो आता, गाडी सुटेपर्यंत.

मांजराकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री १०:३५

@खाजणकाठी काका, तुमचा हिशोब बरोबर निघाला. कोजागरीला पंधराची पाऊणपट केली, वर्गात फळ्यावर मांडून दाखवली, आणि खरंच, एकानंही खडक उघडे बघितलेले नव्हते. पावसवाल्या एकीचे वडील होडीवर असतात, ती म्हणाली बाबांना तिथी तोंडपाठ असते पण मला कधी कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी सहा जणांनी सव्वाचारची गाडी सोडली. दोघींनी घरी फोन करून "प्रॅक्टिकल आहे" सांगितलं, जे अगदीच खोटं नाही.

मिऱ्याच्या बाजूला गेलो. पाणी इतकं मागं गेलेलं की बायका कोयती घेऊन कालवं काढत होत्या. खडकाच्या खळग्यात वीतभर पाणी, त्यात समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, नाव फूल पण प्राणी, हिरवट, बोटाएवढं. आम्ही बरणीत बघायचो ते पांढरं, आकसलेलं. मी करंगळी लावली, त्यानं ती धरली. चिकटपट्टीसारखं लागतं, ओढलं की सुटतं. अर्धा तास सगळे उकिडवे बसून एकेक जण करंगळी लावतोय. नंतर आत्यांकडं मसाला दूध. साडेसहाची गाडी पण गेली, पोरं माळ्यावर झोपली, दोघी खाली आत्यांकडं. साखरप्याचा रात्रभर घोरत होता.

खाजणकाठी | १० ऑक्टोबर, सकाळी ६:३०

अवसेला पण अशीच लांब जाईल. दिवाळी आहे पण.

वस्तीची_गाडी | १० ऑक्टोबर, सकाळी ८:१५

पाच वर्षांत आम्ही एकदाही गाडी सोडली नाही. काय गाढव होतो.

तिरफळ | १० ऑक्टोबर, सकाळी ८:१७

बेडूक तरी निळा केलात.

सोनखत | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४०

नमस्कार, मी हिंगोलीचा. आख्खा धागा वाचला. माझं पण रत्नागिरीत ॲडमिशन झालंय, वेगळा कोर्स, उशिरा राउंड लागला, सोमवारी जॉइन व्हायचंय. रूम नाही, ओळख नाही. @मांजराकाठ भाऊ तिकडं एखादी कॉट मिळेल का? बजेट दोन हजार.

मांजराकाठ | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५२

माळ्यावर एक कॉट रिकामी आहे, आत्यांना आत्ताच विचारलं. त्या विचारतायत मासे खातोस का, कारण मी खात नाही आणि त्यांना एकटीसाठी बांगडे आणायचा कंटाळा आलाय. येताना आंबा घाट दिवसा उतर, खिडकीची जागा धर. ज्वारी आण. पीठ आणू नको.